मामांचा ब्लॉक, पीडी-एल१ टेस्ट आणि जळगावची लॅब: आमचा अनुभव

जळगावच्या एका पॅथॉलॉजी लॅबमधून आम्ही मामांच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी पीडी-एल१ टेस्ट, म्हणजे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन किती उपयोगी पडेल याचा अंदाज देणारी टेस्ट, करून घेतली, त्याचा हा रिव्ह्यू आहे. लॅबचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दुसऱ्या एका ठिकाणी आमचं जे नुकसान झालं तेही यात येणार आहे आणि एकाचं नाव लिहायचं अन् दुसऱ्याचं लपवायचं हे मला पटत नाही. लिखाण लांबलंय पण ज्यांच्या घरात आत्ता हे चालू आहे त्यांनी पूर्ण वाचा, आम्हाला हे सगळं आधी कोणी सांगितलं असतं तर बारा दिवस वाचले असते.

आधीच सांगून टाकतो, लॅबला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. टेस्टबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे, ते खाली येईल.

मामा अमळनेर तालुक्यातले, कपाशी आणि दादर ज्वारी पिकवणारे, वय ५८. पंचवीस-तीस वर्षं डाव्या गालात तंबाखू-चुना. मध्ये काही वर्षं पुडीपण होती, महाराष्ट्रात २०१२ साली गुटखा बंद झाला तरी पानमसाल्याची वेगळी आणि तंबाखूची वेगळी अशा दोन पुड्या घेऊन लोक हातावर मिसळतात हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, मामाही तेच करायचे. हिवाळ्यात शेतात भरिताचा कार्यक्रम होता, कळण्याची भाकरी अन् भरीत, मामांनी पहिला घास तोंडात घातला आणि डोळ्यातून घळाघळा पाणी आलं, घास तसाच बाजूला काढून ठेवला. मी विचारलं तर म्हणे, "माले काई व्हयेल नई भो, तिखट लागस फक्त." पण मी बघत होतो की त्यांचं तोंड दोन बोटांच्या वर उघडतच नव्हतं, भाकरीचा तुकडा आडवा करून आत सरकवत होते. मामी म्हणाली वर्ष झालं असंच चाललंय, ताटात वरण ओतून भाकरी भिजवून खातात.

तोंड कमी उघडणं, गाल आतून ताठ होणं, साधं वरणसुद्धा झोंबणं, हे सुपारीमुळे होतं आणि त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. हा स्वतः कॅन्सर नाही पण कॅन्सरच्या आधीची पायरी होऊ शकते, म्हणून असं कोणाचं दिसलं तर दाताच्या डॉक्टरला गाल आतून दाखवाच. आमच्या अमळनेरच्या दाताच्या डॉक्टरनी बॅटरी मारून बघितलं, डाव्या गालात मागे दाढेजवळ एक चट्टा होता, अर्धा पांढरा अर्धा लाल, आणि त्याच्या मधोमध एक जखम होती जी मामांच्या म्हणण्याप्रमाणे "दाढ घासते म्हणून" तीन महिने होती. डॉक्टर एवढंच म्हणाले, तीन आठवड्यांच्या वर तोंडातली जखम भरली नाही तर तुकडा काढून तपासायचा, मग ती कशामुळेही असो.

आता नुकसानीची गोष्ट. तुकडा काढायला आम्ही ओळखीतून एका छोट्या दवाखान्यात गेलो. तिथे तुकडा काढला, आणि तो सलाईनच्या पाण्याच्या बाटलीत टाकला. शनिवार दुपार होती, लॅबचा माणूस येऊन गेला होता, म्हणून बाटली सोमवारपर्यंत तशीच टेबलावर राहिली. मी ती बाटली स्वतः पाहिली आहे, त्यावर मामांचं नाव निळ्या पेनने लिहिलेलं होतं आणि मला त्यात काही चुकतंय हे कळलंच नाही. रिपोर्ट आला की पेशी खराब झालेल्या आहेत, निदान सांगता येत नाही, पुन्हा नमुना पाठवा. बारा दिवस गेले. मामांच्या त्याच दुखऱ्या गालातून परत तुकडा काढायला लागला आणि त्या दिवशी मामी बाहेर बाकावर बसून रडली ते मी विसरू शकत नाही.

तुकडा फॉर्मलीनमध्येच जायला पाहिजे. फॉर्मलीन पेशींना आहे त्या अवस्थेत पक्कं धरून ठेवतं, पाण्यात किंवा सलाईनमध्ये पेशी स्वतःच गळायला लागतात. आणि नुसतं कॅन्सर आहे की नाही एवढंच बघायचं नसतं, पुढे त्याच तुकड्यावर प्रोटीनच्या टेस्ट होतात, त्यासाठी तर हे जास्तच लागतं. लॅबच्या मॅडमनी आम्हाला साधा हिशोब सांगितला, कमीत कमी ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास फॉर्मलीनमध्ये, कमी झालं तरी रंग नीट येत नाही आणि खूप दिवस पडून राहिला तरीही नाही. म्हणून तुम्ही बाहेर उभे असाल तर नर्सला सरळ विचारा की ताई, बाटलीत फॉर्मलीन आहे ना. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फॉर्मलीनचा वास उग्र असतो, डोळ्याला झोंबतो, ती बाटली आणि पाण्याची बाटली यातला फरक लगेच कळतो.

दुसरा तुकडा जळगावला काढला आणि तो ज्या लॅबमध्ये गेला तीच ही लॅब. पाचव्या दिवशी रिपोर्ट, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. तोंडाच्या कॅन्सरमध्ये दहातले नऊ याच जातीचे असतात. आणि आपल्या देशात हा किती आहे म्हणाल तर २०२२ च्या जागतिक अंदाजात भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नवे पेशंट आणि जवळपास ८० हजार मृत्यू धरलेत. हा आकडा मी मामांना सांगितला नाही.

ऑपरेशन मुंबईला झालं, गालाचा भाग, दाढांकडचं थोडं हाड आणि मानेतल्या गाठी काढल्या. मान का कापायची यावर घरात बराच वाद झाला, सोनोग्राफीत तर गाठी मोठ्या दिसत नव्हत्या. पण २०१५ मध्ये टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मोठा अभ्यास छापला होता, सुरुवातीच्या स्टेजच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेच्या गाठी आधीच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के पेशंट हयात होते आणि गाठ वर आल्यावर काढू म्हणून थांबले त्यांच्यातले साडेसदुसष्ट टक्के. मामांचा रोग त्याहून पुढे गेलेला होता, म्हणजे त्यांच्यात तर प्रश्नच नव्हता. आणि काढल्या म्हणून कळलं, दोन गाठींमध्ये कॅन्सर निघाला.

त्यानंतर रेडिएशन झालं, आमच्या गावाकडे त्याला शेक म्हणतात, आणि त्यासोबत आठवड्याला सिस्प्लॅटिनची केमो. ते दिवस मी इथे लिहीत बसत नाही.

आता मार्करचं, म्हणजे कॅन्सरची माहिती देणाऱ्या प्रोटीनच्या टेस्टचं. रेडिएशन चालू असताना एका कलेक्शन सेंटरच्या माणसाने आम्हाला एक पॅकेज दाखवलं, पी५३, केआय-६७, ईजीएफआर, पी१६, सायक्लिन डी१, वर रक्तातले दोन मार्कर, सगळं मिळून एकोणीस हजार. कागद चकचकीत होता आणि घाबरलेला माणूस अशा वेळी पैसे देतो, मीही देणारच होतो, सोसायटीतून कर्ज काढायची तयारी केली होती. पण ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा, या जळगावच्या लॅबकडून घ्यायचा होता म्हणून मी तिथे गेलो, आणि तिथल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मला आत बोलावून बसवलं आणि विचारलं, "हे तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरनी लिहून दिलंय का?" मी नाही म्हणालो. "मग हे रिपोर्ट आल्यावर ते औषध बदलणार आहेत का, हे त्यांना विचारून या. नाहीतर मी ब्लॉक देते, तो तुमचाच आहे, पण पैसे वाचवा असं माझं मत आहे." ज्या लॅबला हे मार्कर स्वतःकडे करून पैसे कमवता आले असते ती लॅब करू नका म्हणते, साडेचार स्टार मी त्यासाठीच दिलेत.

मग त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत लिहितो, चूक असेल तर जाणकारांनी सुधारा.

पी५३ हे पेशीचं वॉचमनसारखं प्रोटीन. तोंडाच्या कॅन्सरमध्ये त्याचा जीन सगळ्यात जास्त वेळा बिघडलेला सापडतो. आपल्याकडच्या गाल-हिरडीच्या कॅन्सरवर भारतातच मोठं काम झालंय, २०१३ मध्ये बंगालमधल्या कल्याणीची जीनोमिक्सची संस्था आणि टाटा मेमोरियलचंच खारघरचं संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक यांनी मिळून जीन तपासले, त्यात पी५३ बरोबर एफएटी१, कॅस्प८, एचआरएएस, नॉच१ हे नेहमीचे सापडलेच आणि काही असे सापडले जे आपल्या तंबाखू-चुन्याच्या पेशंटमध्येच जास्त दिसले. अभ्यास म्हणून फार मोलाचं काम, मला अभिमान वाटतो की आपल्यासारख्याच लोकांच्या गालातले तुकडे त्यात होते. पण पी५३ बिघडलेला निघाला म्हणून आज दवाखान्यात देता येईल असं त्याच्यावरचं औषध तोंडाच्या कॅन्सरसाठी नाही, म्हणजे मामांच्या उपचारात त्या रिपोर्टने काहीही हललं नसतं.

केआय-६७ म्हणजे पेशी किती वेगाने वाढतायत त्याचा अंदाज. माहिती म्हणून ठीक, पण तोंडाच्या कॅन्सरचं औषध त्यावर ठरत नाही.

पी१६ घशाच्या, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमध्ये फार महत्त्वाचा, तिथे तो एचपीव्ही व्हायरसची खूण असतो आणि स्टेजसुद्धा त्यावरून बदलते. गालाच्या कॅन्सरमध्ये तसं नाही. आमच्याकडच्या बहुतेक पेशंटचा कॅन्सर गाल-हिरडीचा आणि तंबाखूचा, त्यांना पॅकेजमध्ये पी१६ घालून देणं मला अजिबात पटलं नाही.

ईजीएफआरचं मला सगळ्यात नवल वाटलं. हे प्रोटीन पेशीच्या बाहेरच्या कडेवर असतं आणि पेशीला वाढ वाढ असा निरोप आत पोचवतं, डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये शंभरातल्या ऐंशी-नव्वद पेशंटमध्ये ते जास्तच असतं. त्याला अडवणारी औषधंही आहेत, सेटुक्सिमॅबला अमेरिकेत २००६ मध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली, निमोटुझुमॅब आपल्याकडे वापरतात आणि टाटाने सिस्प्लॅटिन-रेडिएशनसोबत ते देऊन ५३६ पेशंटचा अभ्यास २०१९ मध्ये छापला, त्यात रोग पुन्हा वाढण्याआधीचा काळ लांबला. मग मी म्हटलं की ईजीएफआर टेस्ट तर करायलाच पाहिजे. तर नाही. जवळपास सगळ्यांमध्येच जास्त असल्यामुळे टेस्ट करून कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही हे ठरत नाही, औषध टेस्टशिवायच देतात. प्रोटीन औषधाचं टार्गेट आहे याचा अर्थ त्याची टेस्ट केलीच पाहिजे असा होत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

रक्तातल्या मार्करबद्दल मॅडमनी एका वाक्यात संपवलं, तोंडाचा कॅन्सर रक्ताच्या मार्करवर ना पकडतात ना सोडतात, डोळ्यांनी बघायचं आणि बोटाने चाचपायचं. लाळेतून कॅन्सर ओळखायचं संशोधन बरंच चाललंय, आयएल-८ सारखी प्रोटीन त्यात वाढलेली दिसतात, पण आपल्याकडे रोजच्या तपासणीत ते अजून आलेलं नाही. कोणी लाळेच्या टेस्टचे पैसे मागितले तर आधी तोंड उघडून आरशात बघा, मोबाईलची बॅटरी लावा.

एकोणीस हजार वाचले. उलट त्यांनी मला ऑपरेशनचा जुना रिपोर्ट काढायला लावला आणि त्यातल्या तीन ओळींखाली पेन्सिलने रेघा मारून दिल्या. कॅन्सर आत किती मिलिमीटर खोल गेलाय, मामांचं ११, आणि १० च्या वर गेलं की नुसत्या खोलीवरून स्टेज वर जाते. कापलेल्या कडेपासून कॅन्सर किती लांब आहे, ५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर चांगलं, मामांचं ६. आणि गाठीतला कॅन्सर गाठीचं कवच फोडून बाहेर आलाय का, मामांचा नव्हता. या तीन ओळी त्या एकोणीस हजारांच्या पॅकेजपेक्षा जास्त सांगतात असं त्या म्हणाल्या, आणि त्या कुठल्याही चांगल्या रिपोर्टमध्ये आलेल्याच असतात, फक्त आपण शेवटचं वाक्य वाचून फाइल बंद करतो.

दहा महिने बरे गेले. मामा शेतात जायला लागले होते, दादरची भाकरी दुधात कुस्करून खात होते. मग मानेत उजव्या बाजूला गाठ आली आणि स्कॅनमध्ये छातीत दोन ठिपके दिसले. आता ऑपरेशन नाही म्हणाले. आणि या वेळी कॅन्सरच्या डॉक्टरनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं, पीडी-एल१, २२सी३, सीपीएस.

ही टेस्ट काय आहे ते लिहितो, कारण आम्हाला पहिल्या दिवशी कोणीच नीट सांगितलं नव्हतं. आपल्या शरीरातल्या टी-पेशी कॅन्सरच्या पेशी मारू शकतात, पण त्यांच्यावर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो. हा पीडी-१ जपानमध्ये तासुकु होंजो यांच्या लॅबने १९९२ मध्ये शोधला आणि २०१८ चं नोबेल त्यांना आणि अमेरिकेच्या जेम्स अ‍ॅलिसन यांना टी-पेशींवरच्या अशाच ब्रेकच्या कामासाठी मिळालं. कॅन्सरच्या पेशी आपल्या अंगावर पीडी-एल१ हे प्रोटीन उभं करतात आणि टी-पेशीचा तो ब्रेक दाबून धरतात. पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब ही इंजेक्शनं तो हात बाजूला सारतात, यालाच इम्युनोथेरपी म्हणतात. सीपीएस म्हणजे मोजणी, पीडी-एल१ ने रंगलेल्या कॅन्सरच्या पेशी अधिक रंगलेल्या आजूबाजूच्या लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज या शरीराच्या संरक्षक पेशी, भागिले एकूण जिवंत कॅन्सरच्या पेशी, गुणिले शंभर. म्हणून तुकड्यात निदान १०० जिवंत कॅन्सर पेशी असाव्या लागतात, नाहीतर मोजणीच होत नाही. २२सी३ हे अँटीबॉडीचं नाव, वेगवेगळ्या कंपन्यांच्या वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येकीची मोजायची पद्धत वेगळी, म्हणून डॉक्टरनी जी लिहिली तीच करायची.

टेस्टसाठी ऑपरेशनच्या वेळचा ब्लॉक लागला. हा ब्लॉक काड्यापेटीपेक्षा लहान, प्लास्टिकच्या जाळीदार चौकटीत. मुंबईच्या हॉस्पिटलने अर्ज आणि आधारची झेरॉक्स घेऊन दोन दिवसांत दिला, काहीच कटकट नाही. त्यांच्याकडे दोन ब्लॉक होते, एक गालाच्या मऊ भागाचा आणि एक हाडाचा, आणि जळगावच्या मॅडमनी फोनवर आधीच बजावलं होतं की हाडाचा आणू नका, हाड कापता यावं म्हणून ते अ‍ॅसिडमध्ये मऊ करतात आणि त्यात प्रोटीनची टेस्ट बिघडते. हे जर त्यांनी सांगितलं नसतं तर मी हातात आला तो घेऊन रात्रीच्या गाडीत बसलो असतो. नुसत्या कापून ठेवलेल्या स्लाइडसुद्धा आणू नका म्हणाल्या, त्या महिनोन् महिने पडल्या की रंग फिका येतो, ब्लॉकच आणा, आम्ही ताजा काप घेतो.

सोमवारी ब्लॉक दिला, शुक्रवारी रिपोर्ट. पैसे साडेनऊ हजार लागले, पावती पक्की. आणि शुक्रवारी जे झालं ते मी आयुष्यभर लक्षात ठेवीन. मामा सोबत होते, त्यांना बाहेर बसवत नव्हतं, म्हणून मॅडमनी आम्हा दोघांना आत घेतलं. तिथे दोन माणसांना एकदम बघता येईल असा मायक्रोस्कोप आहे. मामांनी चष्मा काढून डोळा लावला. मीही नंतर बघितलं. निळ्या ठिपक्यांचे पुंजकेच्या पुंजके, म्हणजे पेशींची केंद्रं, आणि त्यातल्या काही पेशींच्या भोवती तपकिरी रेघ, अगदी बारीक, कोणी काथ्या रंगाच्या पेनाने कड काढावी तशी. मॅडम म्हणाल्या, "ही तपकिरी कड म्हणजे पीडी-एल१. हे बघा, मधले मोठे ते कॅन्सरचे, आणि हे कडेचे बारीक ते तुमच्या बाजूने लढणारे." मामा बराच वेळ डोळा लावून बसले होते. मग एवढंच विचारलं, "आम्हना बाजूना किती शेतस?" आमच्या बाजूचे किती आहेत. मॅडम नगरकडच्या, त्यांना अहिराणी येत नाही, पण हे त्यांना कळलं आणि त्या म्हणाल्या, "बरेच आहेत काका."

रिपोर्टमध्ये सीपीएस १५ लिहिला होता, सोबत अँटीबॉडीचं नाव, किती पेशी मोजल्या, पडताळणीची कंट्रोल स्लाइड बरोबर चालली का, हे सगळं होतं. हे मी का लिहितोय, तर नंतर एका ओळखीच्या पेशंटचा रिपोर्ट माझ्याकडे आला, दुसरीकडचा, त्यात फक्त पीडी-एल१ पॉझिटिव्ह एवढंच. त्याच्यावर डॉक्टर काहीच ठरवू शकत नाहीत. आकडा नसेल तर पैसे देण्याआधी परत मागा.

आता टेस्टबद्दलचं माझं मत. तो रिपोर्ट घेऊन आम्ही कॅन्सरच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी सांगितलं की २०१९ मध्ये छापलेल्या एका जागतिक अभ्यासात, ८८२ पेशंट होते, सीपीएस २० किंवा वर असलेल्यांमध्ये नुसत्या पेम्ब्रोलिझुमॅबवर मधला जगण्याचा काळ, म्हणजे निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो, १४.९ महिने होता आणि जुन्या केमो अधिक सेटुक्सिमॅबवर १०.७. सीपीएस १ किंवा वर असलेले सगळे धरले तर १२.३ आणि १०.३. मामांचा १५, म्हणजे फायदा आहे, पण कदाचित केमोसोबत. मग त्यांनी एका डोसचा खर्च सांगितला, दर तीन आठवड्यांना. मामांची चार एकर आहे. मी मामांकडे बघितलं नाही.

डॉक्टर थांबले आणि दुसरा रस्ता सांगितला. टाटाच्याच डॉक्टरांनी २०२२ मध्ये छापलंय, निव्होलुमॅब नेहमी २४० मिलिग्रॅम देतात, त्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांना दिलं आणि सोबत तीन गोळ्या, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब रोज. १५१ पेशंट. नुसत्या गोळ्यांवर वर्षानंतर १६.३ टक्के हयात होते, २० मिलिग्रॅम इंजेक्शन जोडल्यावर ४३.४ टक्के. हा अभ्यास आपल्यासारख्या खिशाच्या माणसाला समोर ठेवून केलाय आणि त्या डॉक्टरांचे उपकार मी कधीच विसरणार नाही. आणि गंमत नाही, खरंच विचार करा, अर्लोटिनिब ही गोळी ईजीएफआरलाच आतून अडवते, म्हणजे ज्या प्रोटीनची टेस्ट करू नका असं मॅडम म्हणाल्या त्याच प्रोटीनवरचं औषध मामा रोज सकाळी घेतायत, टेस्ट न करता.

पण या २० मिलिग्रॅमच्या अभ्यासात पेशंट सीपीएस बघून निवडलेले नव्हते. म्हणजे आमच्या बजेटमध्ये जो उपचार होणार होता तो रिपोर्ट ० आला असता तरी बहुतेक तोच झाला असता. मी डॉक्टरांना हे विचारलं, ते हो म्हणाले, आकडा बघून मला थोडा धीर आला एवढंच. म्हणून माझं प्रामाणिक मत, ज्यांना पूर्ण डोसची इम्युनोथेरपी परवडू शकते किंवा विमा आहे किंवा कंपनीच्या मदत योजनेत बसतील असं डॉक्टर म्हणतायत त्यांनी ही टेस्ट नक्की करा, त्यांचं औषध यावर ठरतं. ज्यांचा मार्ग आधीच ठरलाय त्यांनी मॅडमचा तोच प्रश्न टेस्टच्या आधी डॉक्टरांना विचारा, रिपोर्ट आल्यावर औषध बदलणार का. आम्ही हा प्रश्न पॅकेजच्या वेळी विचारला आणि पीडी-एल१ च्या वेळी विचारायचा राहिला. साडेनऊ हजार म्हणजे मामांच्या दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या झाल्या असत्या.

एक बदल मात्र होतोय तो सांगायला पाहिजे. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅबला ऑपरेशनच्या आधी दोन डोस आणि नंतर पुढे चालू ठेवायचे अशी मान्यता मिळाली, पुढे गेलेल्या पण ऑपरेशन होऊ शकणाऱ्या डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी, आणि तिथेही सीपीएस १ किंवा जास्त ही अट आहे. म्हणजे जिथे हा उपचार देतील तिथे पीडी-एल१ ऑपरेशनच्या आधी, पहिल्या छोट्या तुकड्यावरच करायला लागेल. आमचा पहिला तुकडा तर सलाईनच्या बाटलीत गेला होता. म्हणून त्या फॉर्मलीनबद्दल मी एवढं लांबण लावून लिहिलंय.

लॅबमध्ये जे आवडलं नाही तेही सांगतो. लॅब दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट सहा वाजता बंद होते, केमो चालू असलेल्या माणसाला जिना चढवणं बरोबर नाही, मामा दोनदा मधल्या पायरीवर बसले. रिपोर्ट फक्त इंग्रजीत, खाली चार ओळी मराठीत दिल्या तर गावाकडच्या माणसाला किती सोपं होईल, मी हे मॅडमना बोललो, त्या हो म्हणाल्या. काउंटरवरचा मुलगा नवीन आहे, त्याला ब्लॉक आणि स्लाइडमधला फरक सांगता आला नाही आणि त्याने आम्हाला अर्धा तास उभं ठेवलं. अर्धा स्टार यासाठी कापला. बाकी स्वच्छता, पावती, फोन उचलणं, ब्लॉक परत करणं, सगळं चोख.

मामांचे आता पाच डोस झालेत. अर्लोटिनिबमुळे तोंडावर आणि छातीवर मुरमांसारखं पुरळ उठलं होतं, मलम दिलं, कमी झालं. जुलाब अधूनमधून होतात. थायरॉइडची टेस्ट डॉक्टर मधूनमधून करायला सांगतात, ती चुकवायची नाही, इम्युनोथेरपीत थायरॉइड बिघडू शकतं. मानेतली गाठ हाताला आधीपेक्षा बारीक लागते, स्कॅन पुढच्या महिन्यात आहे. तंबाखू सुटली. मामांचा धाकटा भाऊ मात्र अजून सोडत नाही, त्याला मी १८००-११-२३५६ हा सरकारचा फुकटचा नंबर लावून दिला, तिथे मराठीत बोलतात आणि परत फोन करून विचारतात, दोन वेळा बोललाय. आमच्या आळीतल्या दोन म्हाताऱ्या रोज मशेरी लावतात, त्यांनाही दाताच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं, एकीच्या हिरडीवर पांढरा चट्टा आहे, तिचा तुकडा मंगळवारी काढायचाय आणि बाटली मी स्वतः बघणार आहे.

ब्लॉक लॅबने परत दिला तो छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर नंबर आणि तारीख. गरम जागी ठेवू नका, मेण वितळतं, असं सांगितलंय, आणि आपल्याकडचा उन्हाळा तर माहीतच आहे. मामीने तो मातीच्या उतरंडीतल्या खालच्या मडक्यात ठेवलाय, सातबाऱ्याचा कागद जिथे पत्र्याच्या डबीत असतो त्याच्याच शेजारी.